शनिवार मागून घे

ताई, सप्रेम नमस्कार.

मी नाशिकची, वय ३८, नोकरी करते. मुलगी अकरा वर्षांची, मुलगा सहा. दीड वर्षापूर्वी शुगर काठावर आली म्हणून डॉक्टरांनी चालायला सांगितलं. चालता चालता पळायला लागले आणि यंदा सातारा हिल हाफ मॅरेथॉनला, म्हणजे २१ किलोमीटरच्या शर्यतीला, नाव घातलं. माझी ही पहिलीच हाफ. सहा महिने पहाटे साडेचारला उठते, रविवारची सकाळ एकदाही चुकवली नाही. गंगापूर रोडने धरणाकडे पळते, चढाच्या सरावासाठी पांडवलेणी. मी बाहेर पडते तेव्हा मुलं झोपलेली असतात, सासूबाई त्यांचं बघतात. मी उठायच्या आधी त्यांनी गूळ-लिंबाचं पाणी करून ओट्यावर ठेवलेलं असतं.

तर झालं असं, की साताऱ्याला जायचंय म्हटल्यावर नवऱ्याच्या दोन मित्रांची कुटुंबंही तयार झाली. आता आम्ही अकरा जण आणि एक टेम्पो ट्रॅव्हलर. व्हॉट्सॲप ग्रुपचं नाव 'सातारा धमाल'. शनिवारी पहाटे निघायचं, वाटेत मिसळ, दुपारी कास पठार, रात्री रिसॉर्टवर शेकोटी आणि बार्बेक्यू. रविवारी सकाळी 'ती पळून येईल', मग दहाला महाबळेश्वर आणि रात्री नाशिक. बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबर, शनिवारी संध्याकाळपर्यंतच मिळणार आहे, ते कधी घ्यायचं याचा कुणी विचारच केलेला नाही. नवऱ्याला म्हटलं तर म्हणतो, "अगं, तू पळ ना, कोण अडवतंय?" एक वहिनी म्हणाल्या, "दोन-अडीच तासांचंच तर आहे, त्याचं एवढं काय!" मला रडू आलं. माझ्या रनिंग ग्रुपच्या तिघी जणी शुक्रवारी दुपारी कारने निघणार आहेत. वाटतं, त्यांच्याबरोबर गुपचूप निघून जावं आणि घरच्यांना सांगावं, तुम्ही येऊच नका. पण मग मुलं, सासूबाई... मी स्वार्थी होतेय का?

— एक धावणारी

प्रिय मैत्रिणी,

स्वार्थाचा प्रश्न आधी बाजूला करू, कारण माझ्या मते तो प्रश्नच नाही. सहा महिने पहाटे साडेचारला उठून, घरातली कुणाची एकही गोष्ट न अडवता तू ही तयारी केलीस. तिच्यातला एक दिवस स्वतःसाठी मागणं हा स्वार्थ होत नाही. शिवाय तू पळतेस ती शुगर काठावरून मागे न्यायला. त्यात तुझ्या घराचंच हित आहे, आणि हे तुझ्या घरच्यांना कुणी पटवून द्यावं लागेल असं मला तुझ्या पत्रावरून वाटत नाही.

मला पत्रातलं दुसरंच काही टोचलं. तू लिहितेस, "नवऱ्याला म्हटलं तर..." काय म्हटलंस? शब्द आठवून बघ. "शनिवारी फार दगदग होईल रे," एवढंच म्हटलं असशील, तर त्याचं उत्तर तसंच येणार. आपण बायका कुरकुरीच्या सुरात मागतो आणि समोरच्याने त्यातलं मागणं ओळखावं अशी आशा धरतो. "मला शनिवार पूर्ण रिकामा हवाय, रविवारी दुपारपर्यंत सगळ्यांनी साताऱ्यातच थांबायला हवंय आणि महाबळेश्वर रद्द करायचंय," हे असं, याच शब्दांत, तू अजून कुणाला सांगितलेलं नाहीस. निदान पत्रात तरी ते कुठे दिसत नाही.

हे मी ठामपणे लिहू शकते, कारण माझी पहिली हाफही साताऱ्याचीच होती. आदल्या दिवशी आम्हीही सगळे मिळून हिंडलो. धबधब्याच्या कठड्याशी मी तासभर उभी होते. रात्री साडेदहाला हॉटेलात ताटं आली, त्यात पनीर आणि तंदुरी रोटी होती, आणि भूक लागली होती म्हणून मी ती पोटभर खाल्ली. दुसऱ्या दिवशी उतारावर, सोळाव्या किलोमीटरच्या आसपास पोटात असा पिळा आला की रस्त्याकडेच्या दगडावर बसले. कशीबशी शर्यत पूर्ण केली. मेडल गळ्यात घालून बाहेर आले तर गर्दीत एकही ओळखीचा चेहरा नाही. घरचे सगळे हॉटेलात नाश्ता करत होते. मी त्यांच्यावर वर्षभर मनातल्या मनात धुमसले. शेवटी एकदा बोलून गेले, तेव्हा नवरा चकित होऊन म्हणाला, "अगं, तूच तर आदल्या रात्री म्हणालीस, तुम्ही झोपा निवांत, उगाच उठू नका." म्हणाले होते मी. अगदी हेच शब्द. मनात मात्र होतं, की तरीही त्यांनी यावं.

तुझा नवरा "कोण अडवतंय?" म्हणतो ते खरंच आहे, कुणी अडवत नाही. पण न अडवणं वेगळं आणि सोबत असणं वेगळं, आणि त्याला यातला फरक कळत नाही तो मुख्यतः त्याने कधी २१ किलोमीटर पळून पाहिलं नाही म्हणून. त्या वहिनींचंही तेच. त्यांच्या डोळ्यांसमोर 'दोन-अडीच तास' म्हणजे एक सिनेमा आहे. तुला माहीत आहे, की साताऱ्यात पहिले दहा-अकरा किलोमीटर चढ आहे. शहर मागे पडलं की यवतेश्वर घाट सुरू होतो, वर धुकं, पाऊस, वारा यांपैकी काहीही असू शकतं, आणि मग वळून तोच घाट उतरायचा. सपाट रस्त्यावरच्या हाफशी त्याची तुलना होत नाही. हे त्यांना सांगायला हवं, आणि तेही रडवेलं न होता. ग्रुपवर मार्गाचा नकाशा टाक. घाटाचा एखादा फोटो टाक. चार ओळींत तुझं वेळापत्रक लिही. 'सातारा धमाल' हे नाव राहू दे, त्यांची धमाल त्यांना करू दे. फक्त हे जाणं मुळात कशासाठी ठरलं, ते त्या ग्रुपवर एकदा तुझ्या तोंडून येऊ दे.

आता काय करायचं ते सांगते.

शुक्रवारी तू त्या तिघींबरोबर निघ. गुपचूप मात्र नाही, सगळ्यांना सांगून. बाकीचे दहा जण शनिवारी ट्रॅव्हलरने येतील. नाशिक ते सातारा सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. चाकणचा ट्रॅफिक, मग पुणं ओलांडायचं, पुढे खंबाटकी घाट. शनिवार-रविवारची गर्दी धरली, मिसळीचा आणि मुलांचा थांबा धरला, की आठ तास सहज जातात. शर्यतीच्या आदल्या दिवशी आठ तास पाय मुडपून बसायचं आणि उतरल्या उतरल्या कासला चालायचं, हे तुझ्या पायांवर अन्याय करणारं आहे. शिवाय रस्त्यात कुठे अडकलात तर बिबही हातचं जाईल. शुक्रवारी रात्री साताऱ्यात पोचलीस की जेवून झोप. शर्यतीच्या आदल्या रात्री झोप कुणालाच धड लागत नाही, वारंवार जाग येते, घड्याळ बघितलं जातं. म्हणून शुक्रवारची झोप मोलाची. ती पदरात पडली असेल तर शनिवारी रात्री तळमळलीस तरी घाबरायचं कारण नाही.

शनिवारी सकाळी बिब घे, वेळ मोजणारी चिप आणि पिना नीट बघ, वीस मिनिटं हळूहळू फिरून ये, आणि मग खोलीत पाय वर करून पड. घरचे दुपारी येतील, त्यांना कासला जायचं तर जाऊ दे. फक्त कासला ऑनलाइन बुकिंग आधी करायला सांग. २०१२ मध्ये पश्चिम घाट जागतिक वारसा यादीत आला, त्यात कास आहे, आणि सुट्टीच्या दिवशी तिथे माणसांची रीघ लागते. फुलं पावसावर अवलंबून, कधी गालिचा असतो, कधी नुसतंच गवत, तेव्हा मुलांना आधीच फार आशा लावू नये. माझं मत विचारशील तर कासऐवजी सज्जनगड आणि ठोसेघरचा धबधबा करावा. दोन्ही एकाच रस्त्यावर आहेत, आणि तुझ्या सासूबाईंना समर्थांच्या समाधीचं दर्शन घडेल. तू मात्र कुठेच जायचं नाहीस, सज्जनगडावर तर नाहीच. त्या पायऱ्या पुन्हा कधीतरी चढशील. "चल गं, गाडीत बसूनच राहा," असा आग्रह होईल. त्याला 'नाही' एवढंच म्हण, कारणं देत बसू नकोस. कारण दिलं की त्यावर तोडगा निघतो.

महाबळेश्वर रद्द. यावर मी काहीच सवलत द्यायला तयार नाही. घाट उतरताना मांड्यांना जो मार बसतो तो त्या वेळी कळत नाही, तास-दोन तासांनी कळतो. उतारावर स्नायू ताणलेल्या अवस्थेत प्रत्येक पावलाला ब्रेक लावत असतात, त्यामुळे चढापेक्षा उताराने पाय जास्त ठणकतात. त्यानंतर पुन्हा घाटाच्या वळणांवर पाच-सहा तास आणि मग रात्रभर नाशिकचा प्रवास, हे कुणीही करू नये. अंघोळ, साधं जेवण, मुलांसाठी कंदी पेढे, आणि एक-दीडच्या सुमारास निघणं, एवढाच रविवार ठेवा. परतताना मात्र सगळ्यांबरोबर ट्रॅव्हलरमध्येच बस. दर दोन तासांनी उतरून पाच मिनिटं चाल.

आणखी एक गोष्ट सगळ्यांना आधी सांगून ठेव. शर्यत चालू असेपर्यंत कासकडे जाणारा हा घाटरस्ता वाहनांना बंद असतो. "तू पळ, आम्ही तोवर वर जाऊन येतो," असं कुणाच्या मनात असेल तर ते होणार नाही. तुमचं रिसॉर्ट घाटाच्या वर, कासच्या बाजूला असेल तर पहाटे खाली येणंही कठीण जाईल. पत्रात तू रिसॉर्ट कुठे आहे ते लिहिलेलं नाहीस, म्हणून ही काळजी. वर असेल तर आजच बुकिंग बदला आणि साताऱ्यात, सुरुवातीच्या मैदानापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर खोल्या घ्या. शेकोटी नसेल. नसू दे.

खोल्यांचं वाटप करताना शनिवारी रात्री तू सासूबाईंच्या खोलीत झोप.

हे वाचून थबकली असशील. पण तुझं पत्र मी तीन वेळा वाचलं, आणि दर वेळी माझी नजर ओट्यावरच्या त्या गूळ-लिंबाच्या पाण्यावर थांबली. तू ती ओळ जाता जाता लिहिलीस आणि पुढे नवऱ्याकडे, वहिनींकडे वळलीस. तू साडेचारला उठतेस, म्हणजे त्या चारला उठत असणार. सहा महिने, प्रत्येक रविवारी. तुझ्या धावण्यात घरातलं कुणी सामील नाही असं तुला वाटतं, आणि एक माणूस तर पहिल्या दिवसापासून सामील आहे. त्यांना तू कधी सांगितलंस का, २१ किलोमीटर म्हणजे किती? नाशिकच्या सीबीएस बसस्थानकापासून ओझरपर्यंत साधारण एवढंच अंतर भरेल, हे त्यांना सांगून बघ. गाडीने त्या कितीदा गेल्या असतील, त्यांना ते अंतर अंगात जाणवेल.

त्या नऊला झोपणार आणि चारला उठणार. तुला त्या रात्री नेमकी हीच सोबत हवी आहे. नवरा, मुलं, मित्रमंडळी दुसऱ्या खोलीत बाराला झोपोत नाहीतर दोनला. सासूबाईंबरोबर तू साडेआठला दिवा मालवलास तरी कुणाला वावगं वाटणार नाही. आणि बोलत बोलत हेही सांग, की त्या ऐन पंचविशीत असताना, १९८४ मध्ये लॉस एंजेलिसला, ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदा बायकांची मॅरेथॉन झाली. त्याआधी बराच काळ बायकांना एवढं लांब पळणं झेपणार नाही असंच धरून चाललेलं होतं. त्यांच्या हयातीतली गोष्ट आहे ही. मुलीला ललिता बाबरबद्दल सांग. याच सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातल्या मोही गावची मुलगी, जिने २०१२, २०१३ आणि २०१४ अशी सलग तीन वर्षं मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांचं विजेतेपद मिळवलं आणि मग २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत धावली. माणचा दुष्काळ सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. अकरा वर्षांच्या मुलीला हे सगळं साताऱ्यात उभं राहून ऐकायला मिळणं मला कासच्या फुलांपेक्षा कमी वाटत नाही.

आता घरच्यांना उभं कुठे करायचं ते बघ. "या तुम्ही बघायला," असं मोघम सांगितलंस की ती मंडळी मैदानावर गर्दीत हरवतील, मुलगा कंटाळून रडेल आणि तू पळालीस तेही कुणाला दिसणार नाही. पळणाऱ्याचं सगळं आखलेलं असतं, बघणाऱ्याचं कुणी आखून देत नाही, म्हणून बघणारे नाश्त्याला जातात. साताऱ्याचा मार्ग वर जाऊन परत खाली येणारा आहे, ही मोठी सोय आहे. समर्थ मंदिराच्या आसपास, घाट लागायच्या आधी, एका जागी उभं राहिलं की माणूस दोनदा दिसतो, एकदा जाताना, एकदा येताना. तू पावणेतीन तास धरून चालली असशील तर पहिल्यांदा अर्ध्या तासाच्या आसपास, दुसऱ्यांदा दोन तास उलटून गेल्यावर. नकाशा घेऊन तुझ्या वेगाने हिशेब कर आणि वेळा कागदावर लिहून मुलीच्या हातात दे. तिला काम दे, बिब नंबर पाठ करून गर्दीत तुला हुडकायचं. रंगीत टोपी घाल म्हणजे लांबून दिसशील. मधल्या दीड तासात मंडळींना चहा-पोहे खाऊन यायला भरपूर वेळ आहे. मुलाला सुरुवात बघायला पहाटे उठवू नका, त्याला दुसऱ्या वेळेलाच आणा.

नवऱ्याला शेवटच्या टप्प्यात, फिनिशपाशी उभा कर. त्याच्या पाठीवर पिशवी, पिशवीत कोरडा टी-शर्ट, टॉवेल, सपाता, केळी. पावसात अडीच-तीन तास भिजलेली बाई थांबली की दहा मिनिटांत कुडकुडायला लागते. कोरडा कपडा हातात असलेला माणूस त्या क्षणी समोर दिसणं म्हणजे काय, हे त्याला शब्दांत सांगून कळणार नाही. उभा राहील तेव्हा कळेल. त्याला हेही सांग, की पोचल्यावर मला लगेच फोटोसाठी बसवू नकोस, आधी दहा मिनिटं चालू दे.

जेवणाचं थोडक्यात सांगते, ग्रुपमधल्या तिघींना हे माहीत असेलच. शनिवारी मिसळ नाही, बार्बेक्यू नाही, कोशिंबिरी-उसळींचा मारा नाही. दुपारी पोटभर, रात्री साडेसातच्या आत वरण-भात किंवा दहीभात. हॉटेलात मेनूकार्डात नसला तरी साधा भात मिळतो, मागायला लाजू नकोस. रविवारी सकाळी तेच खा जे लाँग रनच्या आधी खात आलीस. नवे बूट, नवे मोजे, कुणी प्रेमाने दिलेलं, पळताना खायचं नवं एनर्जी जेल, यातलं काही नको. पायाची नखं बुधवारीच काप, उतारावर बोटं बुटात पुढे आदळतात. काखेत, मांड्यांना व्हॅसलीन लाव. वेदनाशामक गोळी घेऊन पळू नकोस, मूत्रपिंडावर ताण येतो. तहान लागेल तसं पाणी पी, प्रत्येक टेबलावर ग्लास रिकामा करत गेलीस तर रक्तातलं सोडियम उतरतं, आणि ते घातक ठरतं. तुझी शुगर काठावर आहे, तेव्हा जाण्याआधी एकदा डॉक्टरांना दाखवून ये. छातीत दुखलं, गरगरलं, तर तिथेच थांब आणि स्वयंसेवकाला सांग.

आणि घाटात सुरुवातीला सगळे तुझ्या पुढे जातील, जाऊ दे. चढावर चालावं लागलं तर चाल. परतीच्या उतारावर लांब ढांगा टाकू नकोस, छोटी आणि भरभर पावलं टाक.

वहिनींबद्दल मनात राग ठेवू नकोस. त्यांनाही एक काम दे. ट्रॅव्हलरमधल्या मुलांना सांभाळून सगळ्यांना वेळेवर समर्थ मंदिरापाशी आणायचं, ही जबाबदारी त्यांच्यावर टाक. तू घाटातून उतरून भिजलेली, धापा टाकत त्यांच्यासमोरून जाशील, तेव्हा 'एवढं काय' ते त्यांना दिसेल. तुला वेगळं सांगावं लागणार नाही.

सासूबाईंना रस्त्याच्या कडेला बसायला एक घडीचं स्टूल मात्र नाशिकहूनच ट्रॅव्हलरमध्ये टाक. तासन्‌तास उभं राहणं त्यांना झेपणार नाही. स्टीलच्या बाटलीत गूळ-लिंबाचं पाणी घेऊन त्या तिथे बसतील. तू परत येताना थांब, दोन घोट घे, आणि मग पुढे जा. अर्ध्या मिनिटाने तुझं टायमिंग बिघडणार नाही. फक्त त्यांना सांगून ठेव, की पाणी रोजच्याच मापाचं करा, साताऱ्यात आहोत म्हणून गूळ जास्त घालू नका.

तुझी,
ताई